कुलूप लावलेलं दिसत होतं

"ताई, कमिट केल्यावरसुद्धा ही फाइल लालच का दिसते?"

तिने हे विचारलं तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. जळगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. सर नाशिकला गेले होते. ती नुकतीच लागलेली, मुक्ताईनगरकडची, केळीवाल्यांची मुलगी. मी धुळ्याकडची, कापूसवाल्यांची. हातातली पोळी तशीच ठेवून मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर एका फाइलचं नाव लाल अक्षरांत होतं. मी ते नाव दोनदा वाचलं. ती कुलपाची फाइल होती.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते. विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करता येईल असा एक बॉक्स आम्ही बनवत होतो. बॉक्स सरांचा, त्यातला प्रोग्राम आम्हा दोघींचा. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, त्यामुळे लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी अशी सोय सगळ्यांना लागते. ती आमच्या बॉक्सातही होती. पण काही शेतकऱ्यांनी सरांकडे एक तक्रार केली होती. पंप विहिरीच्या आत असतो. त्यात काही बिघडलं तर माणसाला खाली उतरावं लागतं आणि त्याच वेळी लाइट आली तर? म्हणून आम्ही प्रोग्राममध्ये कुलूप घातलं. फोनवर कुलपाच्या चित्रावर बोट ठेवलं की मोटर कशानेही सुरू होणार नाही, फोनवरूनही नाही आणि लाइट आल्यावर आपोआपही नाही.

हे कुलूप तिने लिहिलं होतं. आधी तिने फक्त फोनवरून मोटर सुरू होणं अडवलं होतं. आपोआप सुरू होणं अडवायचं राहिलंय, हे आदल्या दिवशी टेबलावर चाचणी घेताना आम्हाला कळलं. मोटरच्या जागी आम्ही बल्ब जोडायचो. कुलूप लावलेलं असताना आम्ही वायर काढून परत लावली, तर बल्ब पेटला. तिने तिथल्या तिथे फाइल दुरुस्त केली. पुन्हा वायर काढली, पुन्हा लावली. बल्ब पेटला नाही. आम्ही दोघींनी एकमेकींना टाळी दिली. मग तिने काम कमिट करून सर्व्हरवर पाठवलं. मी ते माझ्या मशीनवर उतरवून घेतलं आणि चाचणीसाठी ज्या मोजक्या शेतकऱ्यांनी बॉक्स बसवले होते त्यांच्या बॉक्सांत सोडलं. त्यातला एक बॉक्स माझ्या वडिलांच्या शेतात होता. वडिलांना आम्ही आबा म्हणतो.

आता ते लाल अक्षर. फाइलमध्ये बदल केला की तो लगेच नोंदला जात नाही. कोणते बदल नोंदायचे ते आधी निवडून बाजूला काढावे लागतात. त्याला आम्ही स्टेज करणं म्हणतो. स्टेज केलेले बदल हिरवे दिसतात, न केलेले लाल. मग कमिट केलं की जे हिरवं आहे तेवढंच पक्कं नोंदलं जातं. नव्या माणसाला इथे एक गोष्ट हमखास चकवते. स्टेज केलं म्हणजे त्या क्षणाची फाइल उचलली गेली, फोटो काढल्यासारखी. फोटो काढून झाल्यावर तुम्ही सदरा बदललात तरी फोटोत जुनाच सदरा राहणार. नंतर केलेली दुरुस्ती जायला हवी असेल तर फाइल परत स्टेज करावी लागते.

"तू ही फाइल स्टेज कधी केली होतीस?" मी विचारलं.

"काल सकाळीच. लिहून झाल्याबरोबर."

"आणि बल्ब पेटला तो दुपारी. दुरुस्ती केल्यावर परत स्टेज केलीस का?"

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "परत करावी लागते?"

म्हणजे आम्ही जे तपासलं होतं ते फक्त तिच्या मशीनवर होतं. शेतांवर गेलं होतं ते सकाळचं, अर्धवट. आणि मीसुद्धा उतरवून घेतलेलं पुन्हा बल्बावर लावून बघितलं नव्हतं. फोनवर कुलूप लावलेलं दिसणार, शेतकरी निर्धास्त होणार आणि लाइट आली की मोटर फिरणार.

तिला लगेच सगळं समजलं नसावं, कारण ती म्हणाली, "मग आता परत पाठवू या ना?" मी माझ्या जागेवर गेले आणि सगळ्या बॉक्सांची स्थिती दाखवणारं पान उघडलं. लाइट नसली की बॉक्स झोपतात, त्यांना काही पाठवताही येत नाही, पण शेवटचं काय झालं होतं ते पानावर दिसतं. आबांच्या बॉक्सासमोर कुलपाचं चित्र होतं. काल संध्याकाळी लाइट जायच्या आधी त्यांनी ते लावलं होतं.

कारणाशिवाय कुणी कुलूप लावत नाही. विहिरीत उतरायचं असेल तरच लावतं.

मला आठवलं. काल संध्याकाळी मीच फोन करून सांगितलं होतं की आबा, कुलूप आलं बरं का. त्यावर ते म्हणाले होते की ग्लँडमधून पाणी फार गळतंय, उद्या दोरी बदलून टाकतो. ग्लँड म्हणजे पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो ती जागा. तिथे मेणाची दोरी ठासून भरतात, म्हणजे पाणी गळत नाही. दोरी भरताना बोटं दांड्याला टेकलेली असतात. आमचा पंप विहिरीच्या आत, पाण्याच्या जरा वर, दोन लोखंडी गर्डरांवर बसवलेला आहे. तिथे उभं राहायला जेमतेम पाऊलभर जागा.

पूर्वी ते खाली उतरायच्या आधी नाल्यापलीकडच्या शेडमध्ये जाऊन मेन पाडून, म्हणजे मेन स्विच बंद करून, यायचे. आता फोनमध्ये कुलूप होतं.

मी आबांना फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. परत लावला. विहिरीत उतरताना ते सदरा काढून निंबाच्या फांदीला अडकवतात आणि फोन सदऱ्याच्या खिशात असतो. ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. फांदीवर सदरा वाजतोय आणि खाली विहिरीत कुणाला ऐकू येत नाहीये.

त्या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे आमच्या शेतांकडे येणाऱ्या विजेच्या लाइनला, दुपारची पाळी होती. लाइट कधीही आली असती.

मी मायला फोन लावला. कापूस वेचणीचे दिवस होते, ती बायांबरोबर वावरात असणार हे माहीत होतं. तिने उचलला. मागे बायांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

"माय, आबा कोठे शेतस?"

"हिरमा उतरेल शेतस. दोरी बदली ऱ्हायनात. काबर वं?"

"माय, पयत जाय. शेडमा जाय. मेन पाड."

"काय व्हयनं?"

"इचारू नको! लाइट येवाना आत मेन पाडनं पडी. मोटर चालू व्हई जाई."

आबा विहिरीत आहेत, एवढं तिला पुरलं. फोन कानाला तसाच ठेवून ती पळायला लागली. तिचा श्वास आणि पायाखाली मोडणाऱ्या कपाशीच्या पराट्या ऐकू येत होत्या, मागून कुणीतरी बाई "काय व्हयनं, काय व्हयनं" ओरडत होती. आमचं वावर नाल्याच्या अलीकडे आहे, शेड पलीकडे. नाल्यात पाणी नसतं, पण उतार खडकाळ आहे. माय आता म्हातारपणाकडे झुकलेली, गुडघे दुखतात म्हणून घरात खाली बसत नाही. मला तिला सांगावंसं वाटत होतं की हळू जा, आणि सांगावंसं वाटत होतं की आणखी जोरात पळ.

इकडे ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. माझं बोलणं तिने ऐकलं होतं. अहिराणी तिला पूर्ण कळत नाही, पण जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं.

"ताई, मले भेव लागू राह्यलं," ती म्हणाली. ऑफिसात ती नेहमी शुद्ध बोलायची.

मी फोनवर हात ठेवला. "बाकीच्यांना फोन लाव. सगळ्यांना. कुणीही विहिरीत उतरू नका म्हणून सांग. मग फाइल परत स्टेज कर आणि पाठव."

"ताई, ते तुम्हीच करा. माझ्याने होणार नाही."

"मी फोन सोडू शकत नाही. तूच कर."

ती गेली. पलीकडून तिचा आवाज यायला लागला, "दादा, तुम्ही कुठे आहात? विहिरीत नाही ना?"

माय शेडमध्ये पोचली होती. कडी वाजली, दार कुरकुरलं.

"उनू," ती म्हणाली. तिला बोलता येत नव्हतं. "आते काय करू?"

माय विजेला फार भिते. तिच्या लहानपणी त्यांच्या गल्लीतली एक बाई तारेवर कपडे वाळत घालताना शॉक लागून गेली होती. तेव्हापासून तिने घरातल्या दिव्याच्या बटणाखेरीज विजेच्या कशालाही हात लावलेला नाही. मिक्सरसुद्धा आबाच लावून देतात. आणि मी तिला सांगत होते की भिंतीवर आमच्या बॉक्साशेजारची लोखंडी पेटी बघ, तिच्या बाजूला दांडा आहे, तो खाली वढ.

"माले भ्याव वाटस वं."

"काही व्हत नही, माय. आते लाइट नही शे. वढ."

"वढी ऱ्हायनी. हालस नही. गंजी जायेल शे."

"दोन्ही हातघाई वढ. फोन खाले ठेव."

तेवढ्यात तिचा आवाज एकदम बदलला. "दिवा लागना," ती म्हणाली. "लाल दिवा लागना वं."

लाइट आली होती.

लाइट आल्यावर आमचा बॉक्स थोडा वेळ थांबतो. तिन्ही फेज नीट आहेत का ते बघतो आणि मग मोटर सुरू करतो. हे थांबणं किती ठेवायचं ते मीच ठरवलं होतं. सर म्हणाले होते, आणखी कमी कर, शेतकऱ्याला वाटतं बॉक्स बंद पडला. मी कमी केलं होतं. आता मला वाटत होतं की तो पूर्ण दिवसभर थांबावा.

"वढ! माय, वढ!" मी ऑफिसात ओरडले.

मायने फोन खाली ठेवलेला असणार, कारण तिचा आवाज लांब गेला. कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग बॉक्सातल्या स्टार्टरचा खटका वाजला. हा आवाज मी टेबलावर शेकडो वेळा ऐकलाय, तो ओळखायला मला वेळ लागला नाही. त्यामागोमाग लांबून, विहिरीच्या दिशेने, मोटर उचलल्याचा घुमता आवाज आला.

मग धाडकन काहीतरी आदळलं आणि सगळं गप्प झालं.

"माय?" मी म्हटलं. "माय? माय!"

फोन चालू होता. वारा ऐकू येत होता. बायांचे आवाज जवळ येत होते, कुणीतरी आबांना हाका मारत होतं. विहिरीतून उत्तर येतंय का ते मी ऐकायचा प्रयत्न करत होते. येत नव्हतं. टेबलाच्या पायाला टेकून मी फरशीवर बसले होते आणि ती मुलगी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून माझ्या मनगटाला धरून होती. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता त्या फोनकडे बघत होतो. मला एकच विचार येत होता, की हा फोन कट होऊ नये, आणि लगेच दुसरा, की कट झाला तर बरं, मला ऐकायला लागणार नाही.

बऱ्याच वेळाने कुणीतरी फोन उचलला आणि घेऊन पळालं. आधी नुसती धाप ऐकू आली. मग आबांचा आवाज.

"मी बरा शे."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "कुलूप लायं का मोटर सुरू व्हत नही, आसं तूच सांगेल व्हतं ना?" रागाने नाही. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं.

झालं होतं असं. जुनी दोरी काढून झाली होती. नवी दोरी कापायला ते मागे वळले, त्याच वेळी मोटर फिरली. दोरी काढायचा लोखंडी हूक त्यांनी ग्लँडमध्येच अडकवून ठेवला होता. तो भिरकावला गेला आणि त्यांच्या दंडाला चाटून पाण्यात पडला. तोवर मायच्या ओढण्याने मेनचा दांडा खाली आला आणि मोटर थांबली. ते गर्डरला मिठी मारून डोळे मिटून बसले होते. वरून हाका येत होत्या त्या त्यांना ऐकू येत होत्या, पण तोंडातून आवाज निघत नव्हता. मायने बायांना मेनजवळ उभं केलं, कुणालाही हात लावू देऊ नका म्हणून सांगितलं आणि स्वतः विहिरीच्या काठावर पालथी पडून त्यांच्याशी बोलत राहिली, तेव्हा कुठे ते वर चढले.

ऑफिसात मात्र अजून संपलं नव्हतं. त्या मुलीने सगळ्यांना फोन केले होते, सगळे विहिरीबाहेर होते, फक्त एकाचा फोन लागत नव्हता. त्याच्या बॉक्सासमोर कुलूप नव्हतं, पण आम्हाला आता चित्रावर भरवसा राहिला नव्हता. तिने फाइल परत स्टेज केली. कमिट करायच्या आधी तिने मला बोलावलं आणि आम्ही दोघींनी हिरव्यातली एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तेव्हा कुठे तिने एंटर दाबलं. मग मी सर्व्हरवरून उतरवून तेच बल्बाला लावलं. वायर काढली, लावली. बल्ब पेटला नाही. या वेळी कुणी टाळी दिली नाही. दुरुस्त केलेलं सोडलं, एकेक बॉक्स "मिळालं" म्हणून कळवत गेला. न लागणारा फोन शेवटी लागला. तो माणूस भुसावळला लग्नात जेवत होता. मागे बँड वाजत होता आणि तो ओरडून विचारत होता, "कोण? कसली विहीर?" ती मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

मी तशीच बस स्टँडवर गेले आणि धुळ्याची बस पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मला काही दिसलं नाही. आबा ठीक आहेत हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी मनात तो खटका वाजतच होता. प्रत्येक वेळी त्यानंतर काहीतरी वेगळं घडायचं. शेजारच्या बाईने विचारलं, बाळ, बरं नाही का? मी म्हटलं, गाडी लागते.

आबांना धुळ्याच्या एका दवाखान्यात आणलं होतं. दंडाला टाके पडले होते. माय बाकावर बसली होती, दोन्ही तळवे वर करून, मांडीवर ठेवून. तळव्यांची कातडी निघाली होती आणि तिथे मलम लावलेलं होतं. मी तिच्याजवळ बसले तर ती म्हणाली, "शॉक बसना नही माले." एवढंच, नवलाने. मग तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. माझी माय असं कधी करत नाही.

आबांना मी सगळं सांगितलं. हिरवं, लाल, सकाळची फाइल, दुपारची फाइल. फोटोचंही सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "ती पोर नवी शे का?"

"हा."

"तिले वरडजो नको."

मी म्हटलं, नाही ओरडले.

सर दुसऱ्या दिवशी आले. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ऐकता ऐकता तेच खुर्चीत खचत गेले. त्यांनी चाचणीचे सगळे बॉक्स काही दिवस बंद ठेवले, प्रत्येक शेतकऱ्याकडे स्वतः जाऊन काय झालं ते सांगितलं आणि खाली उतरताना मेन पाडल्याशिवाय उतरू नका, कुलूप असो नसो, असं बजावलं. ती मुलगी आठवडाभर आली नाही. मी तिच्या गावी फोन केला तर तिची आई म्हणाली, ती केळीच्या बागेत असते, कॉम्प्युटर नको म्हणते. मग एके सकाळी ती आपणहून आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "ताई, मी कमिट करेन, पण तुम्ही बाजूला बसा." मी बसले. अजूनही बसते. आणि माझ्या कमिटच्या वेळी ती बसते. कधीकधी आमचं हे वाचन ऐकून सर आतून म्हणतात, चाललं का पारायण, पण ते कधी घाई करत नाहीत.

माझी भीती मात्र गेली नाही. ती लपवायचं मी आता सोडून दिलंय. बॉक्सांत काही नवं सोडायचं असलं की मी आधी घरी फोन करते. परवा केला तर माय म्हणाली, आज बाजारना दिवस शे, कोनी वावरमा नही, तुना आबा दाढी कराले जायेल शेतस. मी म्हटलं, मग ते घरी येईपर्यंत फोन ठेवू नको. ती ठेवत नाही. वांगी कशी मिळाली, कुणाच्या घरी पाळणा हलला, असं काहीबाही सांगत बसते. मी ऐकत राहते आणि मग आबांचा खोकला दारात ऐकू आला की एंटर दाबते.